शेजाऱ्याचे ॲस्पेन

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजाऱ्याच्या हद्दीतल्या ॲस्पेनच्या सतरा झाडांना पानं फुटली नाहीत. आदल्या ऑगस्टमध्ये मी माझ्या बाजूचे कोंब मारले होते.

उत्तर मिशिगनमधलं केबिन आम्ही ॲन आर्बरहून सुट्टीला जायला घेतलं. शेजाऱ्याची झाडं थेट हद्दीपर्यंत होती आणि त्यांच्या मुळांतून आमच्या गवतात सारखे कोंब यायचे. मी ते कापले आणि प्रत्येक कापावर ब्रशने तणनाशक लावलं. ॲस्पेनची कित्येक खोडं एकाच मुळावर उभी असतात, त्यामुळे औषध पलीकडच्या झाडांत जाऊ शकतं, हे डब्याबरोबरच्या पत्रकात दुसऱ्या पानावर छापलेलं होतं. मी पहिलं पान वाचलं होतं.

शेजारी सत्तरीचा. ही झाडं कागद कारखान्याला जातात. एकदा तोडली की पुन्हा तोडण्याजोगी व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. मागची तोड त्याच्या वडिलांनी केली, तेव्हा तो विशीत होता. येत्या हिवाळ्यात जमीन गोठली की त्याची पाळी होती.

तो आमच्या पायऱ्यांपाशी आला. वर चढला नाही.

"काय लावलंस?"

मी डबा दाखवला.

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"कोंब माझ्या जमिनीत होते," मी म्हणालो.

"तुझी जमीन कुठे संपते, ते मुळांना सांगितलं होतंस?"

तो गेल्यावर बायको म्हणाली, "एक सॉरी म्हणायला काय जात होतं रे तुझं? जिथे जाशील तिथे तुला लॉनच दिसतं."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. तो करवतीची साखळी घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"यानंतरच्या तोडीला मी नसेन," तो म्हणाला. "आता निघ."

केबिनकडे जाणारा जवळचा रस्ता त्याच्या जमिनीतून होता. शनिवारी त्या रस्त्यावर आडवी साखळी लागली. आम्ही लांबून जाऊ लागलो.

ऑक्टोबरमध्ये कारखान्याचा माणूस आला. सुकलेलं लाकूड कारखाना घेत नाही. घ्यायच्या झाडांवर त्याने निळा रंग मारला. तोवर वाळलेली झाडं एकतीस झाली होती.

जानेवारीत तोड झाली, ट्रक भरून गेले. हद्दीवरची एकतीस झाडं उभी आहेत.