सपाट तळवे

इतकी पत्रकं लिहिली, सभांतून इतका ओरडलो, पण हे कुठेच आलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगतो आहे.

जगन आणि मी धुळ्याच्या रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतो. दोघांनाही घराघरातला डॉक्टर व्हायचं होतं — बाळंतपणापासून मोडक्या हाडापर्यंत सगळं बघणारा. पण पुढचं शिकायचं कुठे? इथेच, की लष्कराच्या इस्पितळात? इथे सुरी हातात यायला वर्षं जात. लष्करात तरुण डॉक्टरला लगेच टेबलापाशी उभं करत, जवानांच्या बायकापोरांचीही जबाबदारी देत. युद्धानंतरचे दिवस; सैन्याला डॉक्टर हवेच होते. जगनची निवड झाली.

त्याने नवे बूट आणले. चालताना ते करकरायचे — मला ते करकरणं सहन होईना. खानावळीतल्या अक्का त्याला शेवभाजी वाढत म्हणाल्या, "घ्या कॅप्टनसाहेब!" आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही काय भाऊ, नुसती भाषणंच ठोकणार?" सगळे हसले. मीही हसलो.

मग मी त्याच्या मागे लागलो. जळगावात वडिलांच्या छापखान्यातली पत्रकं वाचत वाढलेला मी — शब्दांना काय तोटा? जखमी बरा करून पुन्हा मरायला पाठवायचा, हे कसलं वैद्यक? सातपुड्याच्या पायथ्याची तुझी माणसं कुणाच्या भरवशावर सोडणार? जगन ऐकत गेला. शेवटी लष्कराला नकार कळवून इथेच राहिला.

खोटं होतं का ते? नाही — एकेक वाक्य मला पटलेलं होतं, आजही पटतं. पण... त्याच्या मागे लागण्याआधीच मी, घरी जातो असं सांगून, गुपचूप लष्कराच्या भरतीला जाऊन आलो होतो. पाय ओले करून फरशीवर उभं केलं. तळव्याचा अख्खा ठसा उमटला, मधे कमान नाहीच. सपाट पाय, चालणार नाही. घेतलं असतं, तर ही वाक्यं मी उच्चारली असती? बूट चढवून निघालो असतो.

मला मिळालं नाही ते त्याला मिळू नये — एवढंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गावी गेलो. धुळ्यात सुरी हातात येण्याआधीच तो परतला होता; तिथे एकटा दवाखाना चालवतो. अडलेल्या एका बाईला त्याने बैलगाडीतून पाठवलं होतं. ती धुळ्याला पोचली नाही. "पोट उघडायला शिकायचं राहिलंच रे," एवढंच म्हणाला. मग दाराशी माझ्या पायांवर तांब्याने पाणी ओतताना ओट्यावरच्या म्हाताऱ्याला सांगू लागला, "आबा, हाऊ मना दोस्त. यानी सांगं म्हनीसन मी आठे शे." मी सांगितलं म्हणून तो इथे आहे, म्हणे.

मी ओला पाय फरशीवर टेकवला. अख्खा ठसा. भरतीतली तपासणी त्यालाही ठाऊक. एकदा खाली बघितलं असतं तर बाकीचं त्यानेच ओळखलं असतं. तो आबांकडे बघून हसत होता.

मी पाऊल घासून ठसा पुसला आणि आत जाऊन बसलो.