रिंगणीचा रंग

"वायच थांब गो," असं म्हणत आमच्या शेजारच्या मावशी भररस्त्यात माझं कोपर धरायच्या. कामावर जायची घाई असो की हातात दळणाचा डबा, थांबावंच लागायचं. डिलाईल रोडवर फुलं बघायला थांबणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय? मी ते रोज पाहत होते.

आमच्या चाळीमागे गिरणी पाडून मोकळं झालेलं मैदान होतं. फाल्गुन लागला की तिथल्या ढिगाऱ्यात, दगडांच्या फटींतून भुईरिंगणी फुलायची. पानापानावर काटे, कुणी न लावलेली, कुणी पाणी न घातलेली. मावशी तिच्यापुढे देवळात उभं राहावं तशा उभ्या राहायच्या. नावबिव त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणायच्या, "कोण सांगता हिका फुलूक?"

मग त्यांच्या डोळ्यांतला जुना मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनला त्या दोन वर्षं घाबरल्या. शेवटी सुनेने आणि मी समजूत घालून नेलं. पट्टी निघाली त्या सकाळी मी त्यांना आणायला गेले, तर घरी जायच्या आधी मैदानात चल म्हणून हटून बसल्या. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी त्यांना हात धरून एका दगडावर बसवलं. त्यांनी काळा चष्मा काढला.

फुलांकडे टक लावून बघत राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "माका वाटला, ही फुलां पांढुरकी आसत."

मीही खाली बसून पाहिलं. गर्द जांभळ्या पाकळ्या, मधोमध हळदीसारखे पिवळे केसर. कधीपासून ती तशीच होती. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. ते आतून आलं तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं.

परत येताना मावशी भिंतीचा शेवाळलेला कोपरा, माझ्या साडीचा काठ, सगळंच नव्याने बघत होत्या. दारात सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "केवढी देखणी गो तू." सून लाजून आत पळाली.

पुढचा एकच फाल्गुन त्यांनी डोळे भरून पाहिला. पावसाळ्यात झोपेतच गेल्या. डोळे द्यायचे, हे त्यांनी सुनेला बजावून ठेवलं होतं. नेत्रपेढीची माणसं आली, तेव्हा आम्ही दोघी बाहेर गॅलरीत उभ्या होतो.

यंदा मैदानाला पत्रे लागलेत. एका पत्र्याखालून रिंगणीची फांदी फुटपाथवर आलीय, फुलांनी भरून. या शहरात कुणाला तरी ती आता दिसत असेल.