नमुना नंबर नऊ

माझ्या धाकट्या मेहुण्याने आयुष्यात कोणतीही गोष्ट आधी नमुना करून पाहिल्याशिवाय केलेली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी रिकाम्या मांडवात त्याने हार घालायची तालीम केली. तीही दोनदा, आणि नवरीच्या जागी मी! केदारखेड्याला त्यांच्या घरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते पाहतात. हा पठ्ठ्या संगणक शिकून जालन्यात आला, पण ते गोणपाट काही डोक्यातून गेलं नाही.

नोकरी सोडून त्याने पहिलं स्वतंत्र काम घेतलं ते शहागडचं. हायवेवरच्या ट्रकच्या वजनकाट्याला संगणक जोडायचा होता. काट्याच्या कंपनीने सीडी दिलेली, तिच्यात बारा नमुना प्रोग्रॅम. शहाणी माणसं त्यातला एक उचलतात आणि कामाला लागतात. हा बाराही एकेक संगणकावर तयार करून, चालवून पाहायला बसला. काट्याचे शेठ तापले.

"नमुनेच काय चालवून राह्यला? सोमवारी काटा चालू न्हाई झाला तर औरंगाबादचा माणूस आणतो."

"शेठ, पेरायच्या आधी दाणे भिजवून पाह्यतेत का न्हाई?"

"मी काटा चालवतो बाबा, पेरत न्हाई!"

रविवारी दुपारी नंबर नऊची पाळी आली. काट्यावरचं वजन पडद्यावर दाखवणारा, शेठला नेमका तोच हवा होता. मेहुण्याने मला काट्यावर उभं केलं. पडद्यावर ऐंशी किलो. "उतरा दाजी." उतरलो. पडद्यावर ऐंशीच!

"दाजी, पडदा म्हणतो तुम्ही अजून वरच हायेत. चढा पुन्हा."

ड्रायव्हर लोक चहाचे ग्लास घेऊन तमाशाला जमले. दुसऱ्यांदाही तेच. शेठ हसले, "कंपनी चुकते व्हय? तुझंच बिघडलं." तेवढ्यात भरलेला ट्रक काट्यावर आला, मोजून गेला, आणि रिकाम्या काट्यावर अठरा टन तसेच! शेठचं हसू विझलं. नमुना जुनं वजन पुसायलाच विसरत होता. मेहुण्याने एक ओळ घातली. मी चढलो, उतरलो. शून्य! ड्रायव्हरांनी मला खांद्यावर घेतलं, ओळ लिहिणारा राहिला बाजूलाच. सोमवारी काटा चालू झाला. मेहुण्याने फोन करून चूक सांगितली तेव्हा कंपनीचा इंजिनिअर आधी हसला, मग त्याने ती ओळ उतरवून घेतली. पुढच्या सीडीत नंबर नऊमध्ये आमच्या केदारखेड्याची ओळ होती!

आता तो लेकीकडे पुण्यात असतो. परवा शहागडला थांबलो, काट्यावर चढलो, उतरलो, आणि त्याला फोन लावला.

"शून्य आलं रे."

 तो म्हणाला, "दाजी, अजून एकदा चढून पाहा."

मी चढलो.