ओदेलूचा रिकामा वर्ग

कोरुटल्याच्या बस स्टँडमागच्या प्रशिक्षण केंद्रात सगळ्यात चांगला पंखा ओदेलूच्या वर्गात होता, आणि सगळ्यात कमी पोरंही तिथेच. शेजारी एसी दुरुस्तीच्या वर्गात पोरं खिडकीत बसून शिकायची, कारण एसी दुबईत असतात. पलीकडे ड्रायव्हिंगला रांग लागायची, कारण गाड्याही दुबईत असतात. ओदेलू शिकवायचा काचेची तार जोडायला. केसाएवढी बारीक तार, तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर जगाचं बोलणं, बँका, सिनेमे सगळं चालतं. हे तो इतक्या कौतुकाने सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, तार यानेच शोधून काढली.

त्याचा जन्म टेलिफोन खात्यात गेला होता. तांब्याच्या तारा जाऊन काचेच्या आल्या तेव्हा बरोबरीच्यांनी हात टेकले आणि घरी बसले. ओदेलू मात्र जोडणीच्या मशीनच्या प्रेमात पडला. ते मशीन जेवणाच्या डब्याएवढं. त्यात तारेची दोन टोकं समोरासमोर ठेवायची, झाकण लावायचं, आत ठिणगी पडते आणि दोन तारांची एक होते. ओदेलू ते मशीन रोज मऊ फडक्याने पुसायचा. बायको म्हणायची, "असं घरातलं एखादं भांडं पुसलंस तर मला देव भेटेल."

त्या वर्षी बतुकम्माचा सण तोंडावर आला असताना हैदराबादहून मोठ्या ऑफिसचा फोन आला. "ओदेलूगारू, दसऱ्याच्या आत डझनभर नावं आली नाहीत तर तुमचा वर्ग बंद. मशीन करीमनगरला पाठवून द्या."

ओदेलूने त्या दिवशी जेवण सोडलं नाही, तो तसला माणूस नव्हे. पण दुसऱ्यांदा भात नको म्हणाला.

मग त्याने गाव पालथं घातलं. रिक्षावर भोंगा लावून फिरला. चहाच्या टपरीवर पोरांच्या घोळक्यात घुसला.

"मोबाईलवर सिनेमा बघता ना रे? तो येतो कुठून?"

"टॉवरवरून, सार."

"आणि टॉवरवर कुठून येतो?"

पोरांनी माना वर केल्या. "आकाशातून."

"आकाशातून कावळ्याची शीट पडते! सिनेमा जमिनीतून येतो. या रस्त्याखालून. तू बसलायस ना, तुझ्या बुडाखालून!"

पोरांनी हसत हसत पाय वर घेतले. एकाने विचारलं, "सार, याच्यावर व्हिसा मिळतो का?"

बापांचं रडगाणं वेगळं. "मुलगा काय करतो असं सोयऱ्यांनी विचारलं तर काय सांगू, रस्त्याकडेच्या खड्ड्यात तारा जोडत बसतो म्हणून?" ज्या चौघांनी नावं दिली त्यातले दोघे व्हिसा येईपर्यंत पंख्याखाली बसायला आलेले. एकाचा आलाही. जाताना पेढे देऊन गेला, आणि निर्लज्ज ओदेलूने ते खाल्ले.

अशात मोठ्या बहिणीचा, नरसव्वाचा निरोप आला. तिच्या श्रावंतीला बघायला आर्मूरचे लोक येणार होते. नरसव्वाचा नवरा मस्कतला, आणि मामाशिवाय आमच्याकडे मुलीच्या लग्नाचं पान हलत नाही. मांडवात तिला टोपलीत बसवून आणायचं ते मामानेच. ओदेलू इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मक्याच्या गरमागरम गारेलू, म्हणजे वडे झाले, चहा झाला. मुलगा दुबईहून सुट्टीवर आलेला, तो खाली मान घालून मोबाईल बघत होता. त्याच्या आईने पदर सावरला आणि मुद्द्यालाच हात घातला.

"स्वयंपाक काय, कोणीही शिकतं. बिड्यांचं सूप आण गं. हात बघू."

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. इकडे घरोघर बायका बिड्या वळतात. दुपारी लिंबाखाली सुपं मांडीवर घेऊन त्यांचं रिंगण बसतं, आणि सून बघायची तर तिचे हात बघायचे, हीच रीत. श्रावंतीने सूप मांडीवर घेतलं. भिजलेलं पान कातरलं, चिमूटभर तंबाखू पसरली, बोटं फिरली, नखाने टोक दुमडलं, दोऱ्याचा वेढा बसला. एक झाली, दुसरी झाली. सगळ्या बिड्या सारख्या. मुलाच्या आईची मान डोलायला लागली.

ओदेलूच्या तोंडातली गारेलू तोंडातच राहिली. किती वर्षं तो पोरांचे जाडजूड अंगठे बघत आला होता. तार हातात घेतली की कटकन मोडायची आणि वर पोरगं विचारायचं, सार, मोडली का? आणि इथे ही बोटं!

"अक्का," तो ओरडलाच, "ही पोर घरात होती आणि मी सगळं गाव हिंडलो!"

आपण कुठे बसलोय, कशासाठी बसलोय, सगळं विसरून त्याने खिशातून काचेच्या तारेचं वेटोळं काढलं, साल काढायचा चिमटा काढला. "हे धर. वरचं साल काढायचं, आतली काच मोडायची नाही. पान हाताळतेस तसंच हलकं."

श्रावंतीने आईकडे बघितलं, मग मामाकडे. चिमटा धरला आणि सरकन ओढला. साल निघालं. काच शाबूत.

"पहिल्या झटक्यात!" ओदेलूने उडीच मारली. चहाची बशी उपडी झाली.

"आम्ही मुलगी बघायला आलोय," मुलाची आई म्हणाली, "की शाळेत नाव घालायला?"

"घालायचंच असेल तर मुलालाही पाठवा, अम्मा. जागा आहेत माझ्याकडे."

मुलाने इतक्या वेळात पहिल्यांदा मान वर केली. "दुबईत याला काय मिळतं हो, मामा?" त्याच्या आईने त्याला असा चिमटा काढला की तो उभाच राहिला. "निरोप पाठवतो," म्हणून मंडळी गेली. तो निरोप अजून वाटेतच आहे.

नरसव्वाने भावाला घराबाहेर काढलं. "ओदेल्या, तू भाऊ आहेस की वैरी? जमत आलेलं लग्न मोडलंस. पुन्हा माझ्याशी बोलू नकोस!" आणि ती शब्दाची पक्की. त्या दिवसापासून रस्त्यात भाऊ दिसला तर ती गल्ली बदलायची.

श्रावंती मात्र सोमवारी वर्गाच्या दारात उभी. मागे रिंगणातल्या मैत्रिणींचा घोळका.

"मामा, त्या बाईनेही माझे हातच बघितले आणि तुम्हीही हातच बघितलेत. पण तिने नुसती मान हलवली, तुम्ही उडी मारलीत."

नावं लिहून झाली. वर्ग भरला, वर दोन पोरी जास्तच. एसीच्या वर्गातली पोरं एकाएकी काचेच्या तारेची चौकशी करायला लागली. ओदेलू त्या रात्री दोनदा भात जेवला.

पण जोड काही लागेना. पोरी तार सोलायच्या सुरेख, कापायच्या सुरेख. मशीनमध्ये ठेवली की पडद्यावर काळे ठिपके, आणि ठिणगी पडली की जोडाच्या जागी बुडबुडा. एकीचं नाही, सगळ्यांचं. ओदेलूने मशीन पुसलं. रस्त्यावरच्या धुळीला शिव्या दिल्या, वीजमंडळाला दिल्या. शेवटी श्रावंतीची तार बघायला वाकला आणि फटाफट शिंका द्यायला लागला.

"काय गं, सकाळी काय करून आलीस?"

"काय म्हणजे? रोजच्या बिड्या वळून. सगळ्याच तर वळून येतो."

तंबाखूची भुकटी. नखांत, बोटांच्या रेघांत, ओढणीच्या टोकाला. साबण झाला, लिंबू झालं, स्पिरिट झालं. वर्षानुवर्षं मुरलेली भुकटी ती, आणि रोज सकाळी नवी भर. ज्या बोटांवर ओदेलू भाळला होता त्यांना बिड्यांनीच घडवलं होतं आणि बिड्यांनीच मळवलं होतं. हे आधी सुचलं नाही म्हणून त्याने कपाळ बडवून घेतलं.

"पोरींनो, दोन्ही जमणार नाही," तो म्हणाला. "तार जोडायची तर सूप सोडावं लागेल."

आमच्याकडे सूप सोडणं म्हणजे काय, ते पोरींना सांगायची गरज नव्हती. त्या सुपावर घरची चूल असते आणि बिड्या वळणारीला सरकार देतं ती म्हातारपणाची पेन्शन असते. संध्याकाळपर्यंत आयांचे निरोप आले. शिकून पुढे काय मिळेल ते मिळेल, हातातलं कसं टाकायचं? दुसऱ्या दिवशी बाकं रिकामी. श्रावंतीही नाही.

ओदेलूने माळ्यावरून मशीनचा जुना खोका काढला. त्यात मशीन ठेवताना त्याला भडभडून आलं. नोकरीचं दुःख नव्हतं, पेन्शन होती. इतकी चांगली बोटं समोर येऊन परत गेली, ते सहन होत नव्हतं. निदान अक्काने पोरीला बोलू नये, एवढं सांगायला तो दुपारी नरसव्वाच्या गल्लीत गेला.

लिंबाखाली रिंगण बसलं होतं. श्रावंती बाजूला पायरीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. नरसव्वापुढे मात्र दोन सुपं होती.

भाऊ आलेला तिने बघितला आणि शेजारणीकडे तोंड फिरवलं. "गंगव्वा, माझ्या भावाला सांग. आजपासून हिच्या सुपातलं मी वळणार. हिने तंबाखूला हात लावायचा नाही."

"अम्मा, तुझी कंबर—" श्रावंती म्हणाली.

"कंबर माझी आहे, तू गप्प बस." नरसव्वाची बोटं थांबली नव्हती. "गंगव्वा, त्याला हेही सांग. मलाही असंच सूप पुढे ठेवून बघितलं होतं. माझे हात पसंत पडले. तेव्हापासून ते मांडीवरून उतरलं नाही. माझ्यासाठी उडी मारायला कोणी नव्हतं तिथे."

गंगव्वाने निरोप काही सांगितला नाही. मग तिने हात लांबवून, वर्गात नाव घातलेल्या आपल्या पोरीचं सूप स्वतःकडे ओढून घेतलं. पलीकडच्या बाईने तिच्याकडे बघितलं, पुटपुटली काहीतरी, आणि तिनेही आपल्या पोरीचं ओढलं.

ओदेलूला समोरचं दिसेना. बाही डोळ्यांना लावून तो तिथेच उभा राहिला.

"ओदेल्या," नरसव्वा सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "रडायचं तर तिकडे लांब जाऊन रड. इथे तंबाखू भिजेल."