चांदण्यात तोडलेले बांबू

काल बांबूच्या जुन्या टोपलीखाली पिवळा भुगा सांडलेला दिसला आणि इंग्रजी अमदानीतला तळोद्याजवळचा अजबखाना आठवला. सातपुड्यात मिसळून जाईल अशी ती संग्रहालयाची इमारत मीच कागदावर काढली होती. सागाचे खांब, बांबूचे कूड आणि त्यावर तिथल्याच तांबूस मातीचा लेप. बांबू तोडण्याआधी म्हातारा मुसलमान सुतार म्हणाला होता, "अवस होऊ द्या साहेब, मंग तोडूत. चांदनामा तोडेल बांबूले किडा लागस." मला घाई होती, मी हसलो आणि पौर्णिमेलाच तोड करवली. उद्घाटनाला चार दिवस उरले आणि भिंती आतून कुरकुरू लागल्या. लेपाला भोकं पडली. मी वेड्यासारखं कुडांवर घासलेट ओतलं, भोकांत मेण भरलं, शेवटी सुताराचे पाय धरले. त्याने मला उठवलं. "मन्हा पाय धरीसन काय व्हई, साहेब? किडा आते पावासमा बी शिरनात." पाड्यापाड्यांतल्या लोकांनी आपल्या मेलेल्या बापांचे बांबूचे पावे माझ्या शब्दावर तिथे मांडायला दिले होते. काल मी टोपलीला कान लावला, आणि किती तरी वेळ तो काढवेना.