दोष कुणाच्या नावावर

कुसुमताई आगाशे यांना सदाशिव पेठेत कुणी प्रेमळ म्हणत नाही. म्हणतील कसे? दत्तमंदिराच्या सभामंडपात जेवायला बसलेल्या पोरीने ताटात पालेभाजी तशीच ठेवली, की बाई तिच्यासमोर फतकल मारून बसतात आणि म्हणतात, "संपव. मला घाई नाही. मी काही नोकरीला नाही कुठे." पोरगी हसते, आणि मुकाट संपवते.

या पोरी सगळ्या गरोदर. कुणी दांडेकर पुलाकडच्या वस्तीतली, कुणी चार घरची भांडी घासणारी, कुणी वॉचमनची बायको. दुपारी येतात, दत्ताला नमस्कार करतात आणि ओळीने बसतात. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मोड आलेली मटकी, लिंबाची फोड आणि वर नाचणी-खजुराचा लाडू. मंदिरात याला 'ओटीचं ताट' म्हणतात. आठवड्यातून एकदा महापालिकेच्या दवाखान्यातल्या मिसबा सिस्टर येतात, वजन करतात, रक्तदाब बघतात, गोळ्या देतात.

सुरुवातीला कुसुमताई लाडू डब्यात घालून घरी द्यायच्या. महिना झाला तरी एकीचंही वजन हलेना. विचारलं तर कळलं, लाडू दिरानं खाल्ले, नणंदेच्या पोरांनी खाल्ले, सासऱ्यांना आवडतात म्हणून त्यांना दिले. बाईंचं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दत्तासमोर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "हा ओटीतला प्रसाद आहे. तो आईच्याच पोटात गेला पाहिजे. दुसऱ्या कुणी खाल्ला तर त्या घराला दोष लागतो!" कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणता? कुठल्याच नाही. दोष बाईंनी स्वतः तयार केला होता, लाडवांसारखाच, ताजा ताजा. पण काय लागू पडला म्हणता! दीर लाडवाकडे बघेनासे झाले. मिसबा सिस्टर हसून म्हणाल्या, "ताई, माझ्या लोहाच्या गोळ्यांनाही एखादा दोष लावून द्या की." तोही लावला. गोळ्या देवापुढे ठेवून मग द्यायला लागल्या.

आता गंमत बघा. लोकांना दोषाचा धाक घालणारी ही बाई स्वतः मात्र ग्रहणाच्या दोषाला मनापासून भ्यायची. त्याला कारण होतं. लेक अस्मिता पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा ग्रहणाच्या दिवशी ती हसत हसत सफरचंद कापून खात बसली होती. ते मूल राहिलं नाही. दुसरंही राहिलं नाही. डॉक्टरांनी त्याची वेगळी कारणं सांगितली, ती कुसुमताईंना पटलीही. पण ते सफरचंद त्यांच्या मनातून गेलं नाही. हे त्या लेकीला कधी बोलल्या नाहीत. आता अस्मिताला पुन्हा पाचवा महिना होता आणि होळीच्या सुमाराला चंद्रग्रहण आलं होतं. चंद्र उगवायचा तोच ग्रासलेला.

ग्रहणाच्या दिवशी ओटीचं ताट बंद. आदल्या दिवशी कुसुमताईंनी पोरींना बजावून सांगितलं होतं, "पंचांगात गरोदर बायकांना सूट आहे. वेध दुपारनंतर पाळायचे. सकाळी पोटभर जेवा, पाणी प्या." सगळ्यांनी माना हलवल्या. श्रद्धानेही हलवली. पुलाजवळच्या वस्तीतली ही पोर, आठवा महिना, पहिलटकरीण. तिने त्या आदल्या दिवशीच अर्धं ताट टाकलं होतं. "काकू, डोकं लई दुखतंय," म्हणाली. बांगड्या हातात रुतल्या होत्या. कुसुमताई म्हणाल्या, "ऊन किती पडलंय! जा, पड जरा." त्या आठवड्यात सिस्टर आल्या तेव्हा ती गावच्या जत्रेला गेली होती, त्यामुळे तिची तपासणी राहिली होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी अस्मिता माहेरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. आईचं मन राखायला तिने खाणंपिणं बंद ठेवलं होतं, तोंड मात्र चालू होतं. "आई, ग्रहणात वाय-फाय चालतं ना गं? का त्यालाही वेध लागतात?"

"बस गप," म्हणत कुसुमताईंनी पदर खोचला आणि एकदम थांबल्या. श्रद्धाच्या त्या रुतलेल्या बांगड्या डोळ्यांपुढे आल्या. तिची डोकेदुखी आठवली. त्यांनी मिसबा सिस्टरांना फोन लावला.

"हातापायाला सूज आहे? तोंडावर?" सिस्टरांचा आवाज बदलला. "ताई, आत्ता जा. डोळ्यांपुढे काजवे चमकतात का विचारा. चमकत असले तर एक क्षण थांबू नका, मोठ्या रुग्णालयात आणा. मी तिथे पोचते. हे रक्तदाबाचं आहे. झटके आले तर आई जाते, मूलही जातं."

श्रद्धाचा नवरा साई माल पोचवायला हिंजवडीकडे गेलेला. श्रद्धाचा फोन तिच्या सासूने, शेवंताबाईने घेतला. "ती गिरानात बसलीया. बोलत न्हाई," म्हणाली आणि ठेवून दिला. कुसुमताई रिक्षा करून निघाल्या. जाता जाता अस्मिताला एवढंच म्हणाल्या, "उठू नकोस. काही कापू नकोस."

वस्तीत रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी करून त्या आत शिरल्या. खोलीच्या खिडकीला गोधडी लावलेली. आत अंधारात श्रद्धा पाटावर ताठ बसली होती. पाय सरळ, हाताची बोटंसुद्धा दुमडायची नाहीत असा हुकूम. तोंड सुजून ओळखू येईना. कुसुमताईंनी वाकून विचारलं, "कधीपासून बसलीस गं?"

"सकाळपास्नं. काकू, पानी…" तिची जीभ जड झाली होती. "समोर चांदण्या चमकत्यात. तुमी नीट दिसंना मला."

कुसुमताई दाराकडे वळल्या. सकाळपासून! पाण्याचा थेंब नाही! "शेवंताबाई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. उठवा."

शेवंताबाई दारात आडवी उभी राहिली. दांडगी बाई, पण ओठ थरथरत होते. "न्हाई. गिरान सुटल्याबिगर ती उंबरा वलांडायची न्हाई."

"अहो, पोरगी मरेल!"

"आन वलांडला तर लेकराचं काय व्हईल ते मला इचारा!" शेवंताबाईचा आवाज फाटला. "थोरल्याच्या वख्ताला म्या गिरानात वांगं चिरलं व्हतं. फाटक्या ओठाचं लेकरू झालं माझं. दूध वढता यीना त्याला. दीड महिन्यानं गेलं. सासूनं, नवऱ्यानं, समद्या भावकीनं जलमभर माझ्या हातावर बोट ठिवलं. ह्या हातावर! ह्या पोरीवर तशी पाळी म्या यिऊ दिऊ व्हय?"

कुसुमताईंच्या अगदी तोंडाशी आलं होतं: अहो, असला काही दोष नसतो. पण कोणत्या तोंडाने बोलणार? याच शेवंताबाईच्या घरात लाडवाला कुणी हात लावत नव्हतं, ते कुणाच्या दोषाला घाबरून? आणि स्वतःच्या लेकीला घरात कोंडून कोण आली होती? खोटं बोलायला गेल्या असत्या तरी चेहऱ्याने साथ दिली नसती.

"तुमीच म्हनता ना, दोष लागतो?" शेवंताबाई म्हणाली. "सांगा की मग. लागतो का न्हाई?"

मागे श्रद्धा कण्हली आणि भिंतीला टेकली.

"लागतो," कुसुमताई म्हणाल्या. "मी घेते. हिला बाहेर नेल्याचा जो काय दोष असेल तो माझ्या माथी. द्या पाणी, देवाला साक्ष ठेवून सोडते."

"तुमच्या माथी घिऊन काय उपेग?" शेवंताबाईने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "तुमचं वय झालं. दोष लागतो तो पोटातल्या लेकराला. तुमची लेक गरवार हाय, श्रद्धीनं सांगितलंया मला. तिच्या लेकराच्या नावावर घ्या. मग न्या."

अगं बाई! कुसुमताईंना वाटलं, या बाईच्या एक मुस्कटात द्यावी. तिला ढकलून पोरीला ओढत न्यावं. पण ती आरडाओरडा करणार, वस्ती गोळा होणार, चार बाप्ये येऊन रिक्षा अडवणार. आणि श्रद्धाचे डोळे मिटायला लागले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे अस्मिता आली. दोनदा रिकाम्या हाताने दवाखान्यातून आलेली, गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलेली. आता तिसऱ्यांदा कुठे हसायला लागली होती. देवा, दुसरं काहीही माग रे. हात माग, पाय माग.

त्यांनी ओंजळ पुढे केली. शेवंताबाईने तांब्यातलं पाणी घातलं.

"अस्मिताच्या पोटातल्या बाळाच्या नावावर," कुसुमताई म्हणाल्या. "याचा दोष मी घेतला." पाणी जमिनीवर पडलं.

शेवंताबाई बाजूला झाली. आणि नुसती बाजूला झाली नाही हो, तिनेच श्रद्धाच्या काखेत हात घालून तिला उचललं, तिच्या डोक्यावर आपला पदर टाकला आणि रिक्षापर्यंत जवळजवळ कडेवर नेलं. वाटेत ती सारखी पुटपुटत होती. कुसुमताईंनी आपला ओला हात लुगड्याला पुसला नव्हता.

रुग्णालयाच्या दारात मिसबा सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्याच होत्या. रक्तदाबाचा आकडा बघून डॉक्टरांनी धावाधाव सुरू केली. सुई, सलाईन, पुन्हा सुई. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. "झटका यायच्या बेतात होती. दाब उतरला की ऑपरेशन करून बाळ काढावं लागेल. दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही. पण आणखी उशीर झाला असता तर सांगायला काही उरलंच नसतं."

साई धापा टाकत आला तेव्हा कुसुमताई उठल्या. रस्त्यावर लोक मोबाइल वर करून उगवत्या चंद्राचे फोटो काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

घरी अस्मिता दारातच होती. "आहे कशी ती?"

कुसुमताईंना लपवता आलं असतं. साई नाही, शेवंताबाई नाही, कोण सांगणार होतं? पण त्यांच्या पोटात ते राहीना. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाण्यापर्यंत.

अस्मिताचा हात आपसूक पोटाशी गेला. ग्रहणाची टिंगल करणारी पोर, चेहरा पांढराफटक पडला तिचा. "माझ्या बाळाच्या नावावर?"

"हो."

"तुला त्या बाईला फसवायचं होतं म्हणून म्हणालीस, असं सांग मला. तुझा विश्वास नाहीये असं सांग."

कुसुमताईंनी मान हलवली. "आहे."

"विश्वास असून?" अस्मिता ओरडली. "विश्वास असून म्हणालीस? माझी दोन गेली, आई! हे काय तुझं होतं, कुणालाही देऊन टाकायला?"

"ती डोळ्यांसमोर चालली होती गं," एवढंच कुसुमताई म्हणाल्या. अस्मिताने खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, ताटं वाढली गेली. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. कुसुमताईंनी ताट तसंच सरकवलं. उरलेले महिने, लेकीच्या पोटात जरा दुखलं की आपल्या हातावरचं पाणी आठवणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यात दत्ताकडे तोंड करायचीही सोय राहिली नव्हती. साक्षीला त्यालाच ठेवलं होतं ना!

सकाळी फोन वाजला. मिसबा सिस्टर रात्रभर जागलेल्या, आवाज बसलेला. "मुलगी झाली, ताई. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण रडली, छान रडली. श्रद्धाने डोळे उघडले. पाणी मागितलं."

कुसुमताई फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आनंद झाला नाही असं नाही, पण तो वर येईना. मागे पावलं वाजली. अस्मिता, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. रात्रभर तीही झोपली नव्हती.

"जगल्या?"

"दोघी जगल्या."

अस्मिताने फडताळातून पेला काढला, पाणी ओतलं, प्यायली. आईकडे तिने बघितलं नाही. राग अजून उतरला नव्हता, तो आवाजात होता.

"काल दोष माझ्या बाळाच्या नावावर टाकलास ना? मग आज हे पुण्यही त्याच्याच नावावर टाक. दोन जीव वाचलेत. अर्धवट हिशेब ठेवू नकोस."

कुसुमताई ओट्याला धरून खाली बसल्या, आणि कालपासून आवरलेलं रडू त्यांना आवरेना.