सहीशिवायची प्रश्नावली

चारबागच्या आमच्या रेल्वे कार्यालयात लोक नोकरीत कितपत समाधानी आहेत, याची पाहणी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विकास नगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून मी एकेक प्रश्न घासूनपुसून तयार केला. नाव नाही, हुद्दा नाही, सही नाही. लोकांनी बेधडक लिहावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. दाराशी कुलूपबंद पेटीही ठेवली.

पेटी रिकामीच राहिली. भरलेल्या प्रश्नावल्या आल्या त्या फाइलीत नीट लावून, आमच्या ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या हातून. 'वरिष्ठांसमोर मोकळेपणाने बोलता येतं का?' या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर 'हो'. आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी सुपरिंटेंडेंटची सही आणि 'अग्रेषित' असा शिक्का.

मग मी भडकलेच. "आपने सबके जवाब पढ़े?"

"पढ़ना तो पड़ेगा, मैडम," ते शांतपणे म्हणाले. "बिना फॉरवर्ड किए कागज़ ऊपर कैसे आएगा?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. काम वेळेत केल्याचं समाधान तेवढं होतं, आणि त्यानेच मी जास्त हादरले.

मी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात त्यांनी खिशातून आणखी एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांची स्वतःची प्रश्नावली. मोकळेपणाच्या त्या प्रश्नापुढे त्यांनीही 'हो' लिहिलं होतं.

टोपण काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"इस पर आपके साइन होंगे, मैडम."